जुन्या गोव्यातील एकाकी मनोरा : संत ऑगस्टीन चर्चचा इतिहास आणि स्थापत्य

(विशेष प्रतिनिधी)

पणजीहून रायबंदरमार्गे मांडवीच्या काठाकाठाने निघाले, की नऊ-दहा किलोमीटरवर जुने गोवे लागते. बहुतेक पर्यटकांच्या बसगाड्या बॉम जेझस बॅसिलिकेच्या आवारापाशी थांबतात. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीचे दर्शन घ्यायचे, समोरचे से कॅथेड्रल पाहायचे आणि परतीचा रस्ता धरायचा, असा शिरस्ता आहे. मात्र बॅसिलिकेच्या पश्चिमेकडील चढावाने दहाएक मिनिटे चालत गेल्यास टेकडीवर तांबूस-काळपट दगडांचा एक प्रचंड मनोरा दिसतो. त्याच्या अंगाला चर्च नाही, माथ्यावर क्रूस नाही आणि पोटात घंटा नाही. वरपासून खालपर्यंत उभा चिरलेला हा मनोरा आपली आतली बाजू उघडी टाकून उभा आहे. सुमारे ४६ मीटर, म्हणजे आजच्या पंधरामजली इमारतीच्या तोडीची त्याची उंची आहे.

हा मनोरा संत ऑगस्टीन चर्चचा. या चर्चचे मूळ नाव 'नोसा सेन्योरा दा ग्रासा', म्हणजे कृपामातेचे चर्च. एके काळी गोव्यातील सर्वांत भव्य धार्मिक वास्तूंत त्याची गणना होत असे. अवशेष पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की हे पाडले कोणी? मराठ्यांनी, डचांनी, की एखाद्या भूकंपाने? उत्तर अनपेक्षित आहे. या वास्तूवर कोणी तोफ डागली नाही. लिस्बनमध्ये निघालेल्या एका हुकुमाने १८३५ मध्ये तिच्यातील माणसे बाहेर काढली आणि उरलेले काम कोकणच्या पावसाने केले.

पवित्र टेकडीवरील मठ

अफोन्सो द आल्बुकेर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून १५१० मध्ये गोवे जिंकले आणि मांडवीकाठचे हे शहर पूर्वेकडील पोर्तुगीज साम्राज्याची राजधानी बनले. व्यापाराच्या पाठोपाठ धर्मसंघ आले. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि जेझुइट यांनी शहरात आपापली ठाणी उभारली. ऑगस्टिनियन संघाचे बारा धर्मगुरू १५७२ मध्ये, म्हणजे तुलनेने उशिरा गोव्यात दाखल झाले. शहराच्या पश्चिमेकडील 'मोंते सांतो', अर्थात पवित्र टेकडी ही जागा त्यांच्या वाट्याला आली.

या कालखंडाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. तिसवाडीतील हिंदू देवळे १५४० च्या सुमारास पाडण्यात आली आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजेच धर्मन्यायालय स्थापन झाले. ते मधल्या अल्पकाळाचा अपवाद वगळता १८१२ पर्यंत चालू होते. टेकडीवरील चर्चे ज्या संपत्तीतून आणि सत्तेतून उभी राहिली, तिचा हा इतिहास आहे. आजच्या अवशेषांकडे पाहताना तो विसरून चालत नाही.

ऑगस्टिनियनांच्या मोठ्या चर्चचे बांधकाम १५९७ मध्ये सुरू झाले आणि १६०२ मध्ये ते पूर्ण झाले. या काळात गोव्याचे आर्चबिशप होते आलेइशो द मेनेझिस. ते स्वतः ऑगस्टिनियन होते. केरळमधील सीरियन ख्रिस्ती समाजाला रोमच्या अधिकाराखाली आणणारी उदयंपेरूरची धर्मसभा त्यांनीच १५९९ मध्ये भरविली. आपल्या संघाचा माणूस आर्चबिशपपदी असणे हे ऑगस्टिनियनांच्या उत्कर्षाचे एक कारण मानता येईल. मेनेझिस यांच्याच पुढाकाराने १६०६ मध्ये याच टेकडीवर सांता मोनिका हा जोगिणींचा मठ स्थापन झाला. संत मोनिका ही संत ऑगस्टीनची आई. आई आणि मुलाच्या नावाच्या दोन वास्तू रस्त्याच्या दोन अंगांना उभ्या राहिल्या. त्यांचे पुढे काय झाले, याची तुलना बोलकी आहे. ती पुढे येईल.

युरोपच्या कालगणनेनुसार १६०२ हे साल मध्ययुगाच्या बाहेरचे. आपल्याकडील इतिहासलेखनात मात्र ते मध्ययुगातच मोडते. बादशहा अकबर तेव्हा हयात होता आणि मालोजीराजे भोसले निजामशाहीच्या चाकरीत होते, एवढे सांगितले म्हणजे काळाचा अंदाज यावा.

स्थापत्य : जांभा, चुना आणि निळ्या फरशा

चर्चची रचना त्या काळच्या पोर्तुगीज धार्मिक स्थापत्याला साजेशी होती. दर्शनी भाग भव्य आणि त्याच्या अंगाला उंच मनोरे. आत एकच लांबरुंद दालन. दालनाच्या दोन्ही बाजूंना चॅपेले आणि टोकाला मुख्य वेदी. या चर्चमध्ये आठ चॅपेले आणि चार वेद्या होत्या. उजेडासाठी भिंतीत उंचावर खिडक्या आणि डोक्यावर दगडी कमानदार छत. चर्चला लागूनच मठ होता. मधल्या चौकाभोवती ओवऱ्या, धर्मगुरूंच्या असंख्य खोल्या, सभागृह, भोजनगृह असा तो विस्तार होता. आज टेकडीवर फिरताना पायाखाली जोती, उंबरे आणि जिने दिसतात, त्यांवरून हा नकाशा पुष्कळसा ताडता येतो.

बांधकामाचा मुख्य दगड जांभा. कोकणातल्या माणसाला तो नव्याने सांगायला नको. खाणीतून काढताना तो मऊ असतो, पहारीने आणि तासणीने त्याचे चिरे सहज पाडता येतात. हवा लागली की तो टणक होतो. त्यामुळे झपाट्याने मोठे बांधकाम करायचे असेल तर जांभ्यासारखा दगड नाही. एवढे अवाढव्य चर्च पाच वर्षांत उभे राहिले, त्यात या दगडाचा मोठा वाटा आहे. परंतु त्याचा एक दोषही आहे. तो सच्छिद्र असतो आणि पाणी शोषतो. म्हणूनच गोव्यातील जुन्या वास्तूंना चुन्याचा जाड गिलावा करीत आणि त्यावर सफेदी देत. हा चुना प्रामुख्याने शिंपले भाजून तयार केलेला असे. गिलाव्याचा हा थर केवळ शोभेसाठी नव्हता. भिंतीची ती छत्री होती आणि पावसाळ्यानंतर तिची डागडुजी करणे हा नित्याचा रिवाज होता. आज हा मनोरा तांबडा दिसतो आणि छायाचित्रात तो रंग खुलतो. पण बांधणाऱ्यांना तो तसा दिसणे अभिप्रेत नव्हते. नदीतून येणाऱ्या जहाजांना तो पांढराशुभ्र दिसत असणार.

जांभ्यावर बारीक कोरीव काम होत नाही. ते करायचे तर काळ्या बेसॉल्ट दगडाला पर्याय नसे आणि तो गोव्यात सहजी मिळत नसे. बॉम जेझस बॅसिलिकेच्या दर्शनी भागासाठी तो दगड थेट वसईहून समुद्रमार्गे आणल्याचे सांगितले जाते. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'चे मुख्य ठिकाण होते. वसईच्या किल्ल्यात आणि चौलमध्येही ऑगस्टिनियनांची चर्चे होती. त्यांचे अवशेष आजही पाहायला मिळतात. गोव्याचा हा मनोरा आणि वसईच्या किल्ल्यातील ओसाड चर्चे एकाच कुटुंबातील आहेत.

अंतर्भागाच्या सजावटीची कल्पना उत्खननात सापडलेल्या तुकड्यांवरून येते. 'आझुलेझ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रंगीत चकाकीच्या पोर्तुगीज फरशा भिंतींवर बसविलेल्या होत्या. निळ्या-पांढऱ्या आणि बहुरंगी अशा दोन्ही प्रकारांचे तुकडे येथे मिळाले आहेत. आणखी एक लक्षवेधी गोष्ट म्हणजे जमिनीत बसविलेल्या थडग्यांच्या शिळा. सरदार, अधिकारी आणि दानशूर व्यापारी यांना चर्चच्या आत दफन करण्याची प्रथा होती. या शिळांवर कुलचिन्हे आणि लॅटिन वा पोर्तुगीज भाषेतील मजकूर आहे. जे छत त्यांना पावसापासून वाचवीत होते, ते गेल्यामुळे आता या शिळा उघड्या आभाळाखाली आल्या आहेत.

मनोऱ्याचे काम दुहेरी होते. तो चर्चच्या दर्शनी भागाचा आधार होता आणि घंटाघरही होता. एकावर एक चढत गेलेल्या मजल्यांना कमानीच्या खिडक्या होत्या. घंटेचा आवाज सर्व दिशांना जावा, हा त्यांचा उद्देश. आज मनोऱ्याची एक बाजू पूर्णपणे गेली असल्यामुळे भिंतींची जाडी आणि चिऱ्यांचे थर एखाद्या वास्तुशास्त्राच्या पुस्तकातील उभ्या छेदासारखे स्पष्ट दिसतात.

ओस पडत गेलेले शहर

गोव्याचा वैभवकाळ फार टिकला नाही. सतराव्या शतकात डच आणि इंग्रज यांनी पोर्तुगीजांचा सागरी व्यापार हिसकावून घेतला. त्याच वेळी साथीच्या रोगांनी शहर पोखरले. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी झिरपत असे आणि पटकी व हिवतापाच्या लाटा पुन्हा पुन्हा येत. व्हाइसरॉय १६९५ मध्ये शहराबाहेर पणेली येथे राहायला गेले आणि १७५९ मध्ये त्यांनी आपले निवासस्थान पणजीला हलविले. त्याआधी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी वसई घेतली होती. उत्तर प्रांत गेल्याने गोव्यातील धर्मसंघांचे तिकडील उत्पन्नही बुडाले.

शहर ओस पडत गेले, तरी मठ टिकून होते. फ्रेंच धर्मोपदेशक कॉतिनो द क्लोगन यांनी १८२७ मध्ये गोव्याला भेट दिली आणि त्यांचे गोव्याच्या इतिहासावरील पुस्तक १८३१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या प्रवाशांनी या टेकडीवरील जीवन अखेरच्या काळात पाहिले, त्यांपैकी ते एक. कारण त्यानंतर आठच वर्षांत सर्व काही संपले.

एका हुकुमाची गोष्ट

पोर्तुगालमध्ये राजेशाहीच्या दोन पक्षांत यादवी युद्ध झाले आणि १८३४ मध्ये उदारमतवादी पक्ष विजयी झाला. धर्मसंघ हे पराभूत पक्षाचे पाठीराखे मानले जात होते आणि सरकारची तिजोरीही रिकामी होती. मे १८३४ मध्ये मंत्री जुआकिम आंतोनियो द आगियार यांनी पुरुषांचे सर्व मठ बंद करून त्यांची मालमत्ता सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. या कृतीमुळे लोकांनी त्यांना 'माता-फ्रादिश', म्हणजे 'साधूंचा कर्दनकाळ' असे नाव दिले. पुढल्याच वर्षी, १८३५ मध्ये, गोव्यात या हुकुमाची अंमलबजावणी झाली. ऑगस्टिनियनांनी पवित्र टेकडी सोडली. २६० हून अधिक वर्षांचा त्यांचा गोव्यातील मुक्काम संपला.

मठाच्या मालमत्तेची विल्हेवाट लागली. त्या काळात जुन्या गोव्यातील पडीक वास्तूंचे दगड पणजीतील नव्या बांधकामांसाठी नेले जात होते. चर्चच्या पंचक्रोशीत आता भाविकांची वस्ती राहिली नव्हती. छपराकडे पाहणारे कोणी उरले नाही.

छत कोसळले, मग दर्शनी भाग, मग मनोरा

पुढील घटनाक्रम थोडक्यात असा आहे. धर्मगुरू गेल्यानंतर सातव्याच वर्षी, १८४२ मध्ये, चर्चचे कमानदार छत कोसळले. त्याच्या पुढच्याच वर्षी पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. सुमारे नव्वद वर्षांनंतर, १९३१ मध्ये, दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आणखी काही भाग १९३८ मध्ये ढासळला. उरला तो आजचा मनोरा.

इतके भक्कम बांधकाम सात वर्षांत कसे कोसळू शकते, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर छताच्या रचनेत शोधावे लागते. दगडी कमानदार छताचा भार सरळ खाली उतरत नाही. तो बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलतो. भिंती जाड असतील आणि त्यांना बाजूच्या चॅपेलांचा टेकू असेल, तोवर हा तोल सांभाळला जातो. परंतु गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत येतो. पन्हाळी तुंबली, छताच्या गिलाव्याला तडा गेला, की पाणी आत मुरते. जांभा पाणी पिऊन जड होतो आणि सांध्यांतील चुना धुपतो. पिंपळ-वडाची रोपे भेगांत रुजतात आणि त्यांची मुळे चिरे अलग करतात. माणसांचा वावर असलेल्या चर्चमध्ये या गोष्टी पहिल्याच पावसात नजरेस येतात आणि गवंड्याच्या दोन दिवसांच्या कामाने दुरुस्तही होतात. रिकाम्या चर्चमध्ये त्या साचत जातात.

छत गेल्यावर दर्शनी भागाची स्थिती पाठीमागून आधार काढून घेतलेल्या भिंतीसारखी झाली. पाऊस आता तिच्या दोन्ही अंगांना झोडपू लागला. अशी भिंत आणि तिला जोडलेला मनोरा नव्वद वर्षे उभे राहिले, हेच मूळ बांधकामाच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र मानले पाहिजे.

या निष्कर्षाला पुष्टी देणारी दोन उदाहरणे जवळच आहेत. पहिले सांता मोनिका मठाचे. हीही इमारत जांभ्याचीच आणि हाच पाऊस सोसणारी. १६३६ मध्ये ती आगीत सापडली आणि पुन्हा बांधली गेली. १८३४ च्या हुकुमाने जोगिणींना लगेच बाहेर काढले नाही, परंतु नव्या जोगिणी घेण्यास बंदी झाली. संख्या रोडावत गेली आणि शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली. त्यानंतर काही काळ तेथे लष्कराची वस्ती होती आणि १९६४ पासून माटेर देई ही जोगिणींची धर्मशिक्षण संस्था तेथे आहे. या इमारतीत माणसांचा वावर राहिला आणि ती आजही उभी आहे.

दुसरे उदाहरण से कॅथेड्रलचे. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला आणि तो पुन्हा कधी बांधला गेला नाही. पण कॅथेड्रल बंद पडले नाही. तेथे प्रार्थना चालू राहिली, त्यामुळे दुरुस्त्याही होत राहिल्या. एक मनोरा गेलेले चर्च टिकले आणि टेकडीवर मात्र चर्च गेलेला एकच मनोरा उरला.

घंटेचा प्रवास

मनोऱ्यातील प्रचंड घंटा मात्र वाचली. मठ बंद झाल्यानंतर ती काढण्यात आली. काही काळ ती आग्वाद किल्ल्यावर होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या चर्चला मिळाली. झिगझॅग पायऱ्यांचे हे पांढरे चर्च म्हणजे आज पणजीची ओळख आहे. त्याच्या दर्शनी भागाचा मधला उंच माथा पाहावा. या घंटेसाठीच तो रचण्यात आला. आकाराने ही गोव्यातील दुसऱ्या क्रमांकाची घंटा मानली जाते. पहिला मान से कॅथेड्रलच्या 'सुवर्णघंटे'कडे जातो.

मराठी वाचकाला या ठिकाणी आपल्याकडील पोर्तुगीज घंटांची आठवण होणे साहजिक आहे. भीमाशंकर, वाईजवळील मेणवली, नाशिकची प्रसिद्ध नारोशंकराची घंटा या वसईच्या विजयानंतर आलेल्या घंटांपैकी मानल्या जातात. ज्या मनोऱ्यांत त्या मूळच्या टांगलेल्या होत्या, ते पडले वा ओसाड झाले. घंटा मात्र नव्या जागी, नव्या देवापुढे वाजत राहिल्या. ओतीव धातूला छपराची गरज नसते, हे त्यामागचे साधे कारण. ऑगस्टीन मनोऱ्याच्या घंटेने तर धर्मही बदलला नाही. केवळ शहर बदलले.

ढिगाऱ्याखालची राणी

या अवशेषांना जगाच्या नकाशावर पुन्हा आणले ते जॉर्जिया या दूरच्या देशाने. कॉकेशस पर्वताच्या परिसरातील काखेती या राज्याची राणी केतेवान आपल्या राज्याच्या रक्षणासाठी बोलणी करण्यास इराणचा शाह अब्बास पहिला याच्याकडे गेली आणि तेथेच ओलीस राहिली. शिराझ येथे सुमारे दहा वर्षे ती कैदेत होती. ख्रिस्ती धर्म सोडण्यास तिने नकार दिल्यामुळे सप्टेंबर १६२४ मध्ये तिचा छळ करून वध करण्यात आला. जॉर्जियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तिला संतपद दिले.

ऑगस्टिनियन धर्मगुरूंचे ठाणे तेव्हा शिराझमध्येही होते. त्यांनी राणीचे अवशेष गुपचूप मिळविले. त्यांतील काही त्यांनी जॉर्जियाला पोहोचविले आणि काही १६२७ मध्ये गोव्याला आणले. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत नोंद सापडते, की हे अवशेष पवित्र टेकडीवरील मठात, धर्मगुरूंच्या सभागृहाला जोडलेल्या चॅपेलच्या दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत ठेवले आहेत.

पत्ता इतका नेमका होता. अडचण एवढीच, की खिडकी राहिली नव्हती, भिंत राहिली नव्हती आणि सभागृह कोणते हेही सांगता येत नव्हते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जॉर्जियाची पथके गोव्यात येऊ लागली. आरंभीच्या शोधांना यश आले नाही. कारण येथे खड्डा खणून वस्तू काढण्याचा प्रश्न नव्हता. आधी मठाचा नकाशा जमिनीतून वर काढायला हवा होता. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारे हटवून एकेक दालन, ओवरी आणि जोते उघडे केले. थडग्यांवरील शिलालेख आणि कागदपत्रांतील उल्लेख यांची सांगड घालून सभागृहाची जागा निश्चित करण्यात आली. पुरातत्त्व अधिकारी निजामुद्दीन ताहेर यांच्या नेतृत्वाखालील उत्खननात २००४ मध्ये हाताचे एक मोडके हाड हाती लागले.

ते राणीचेच कशावरून? हा प्रश्न हैदराबाद येथील सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी या संस्थेकडे गेला. तेथील शास्त्रज्ञ कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडातील मायटोकाँड्रियल डीएनए, म्हणजे आईकडून अपत्याकडे येणारा जनुकीय अंश तपासला. तो 'यू १ बी' या गटाचा निघाला. भारतातील वीस हजारांहून अधिक नमुन्यांत हा गट आढळला नव्हता. जॉर्जियातील तीस नमुन्यांपैकी दोघांत तो आढळला. याउलट त्याच ठिकाणी सापडलेल्या अन्य दोन हाडांचा गट भारतीय होता. हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. शास्त्रज्ञांनी आपला निष्कर्ष जपून मांडला. हे हाड केतेवान राणीचे असण्याची शक्यता आहे, असे त्यांनी म्हटले. डीएनए एखाद्या व्यक्तीचे नाव सांगत नाही, ते घराण्याची दिशा दाखविते. कागदपत्रे, जागा आणि डीएनए या तिन्हींचा मेळ बसला, हे या शोधाचे बळ आहे.

सप्टेंबर २०१७ मध्ये हे अवशेष दर्शनासाठी जॉर्जियाला नेण्यात आले. सहा महिन्यांची मुदत वाढवून वर्षाची करण्यात आली आणि २०१८ मध्ये ते परत आले. पुढे १० जुलै २०२१ रोजी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसी येथे त्यांचा एक भाग जॉर्जियाला कायमस्वरूपी भेट दिला. पावणेचारशे वर्षांहून अधिक काळ गोव्याच्या मातीत राहिलेली राणी अंशतः मायदेशी परतली.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या पडझडीने चर्च नष्ट केले, तिनेच ढिगाऱ्याखाली पुष्कळ काही झाकूनही ठेवले. फरशा, थडगी आणि हे हाड त्यामुळेच हाती लागू शकले. परंतु म्हणून दुर्लक्षाचे समर्थन होत नाही. ग्रंथसंग्रह, लाकडी वेद्या, चित्रे यांपैकी काहीही ढिगाऱ्याखाली टिकत नाही. जे टिकले ते दगड, चिनी माती आणि हाड.

उरलेल्या अर्ध्या मनोऱ्याचे काय?

'गोव्यातील चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स' या नावाने जुन्या गोव्यातील वास्तूंचा युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश केला. संत ऑगस्टीनचे अवशेष त्या समूहाचा भाग आहेत आणि त्यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे.

चर्च पुन्हा बांधावे, अशी सूचना अधूनमधून पर्यटकांकडून ऐकू येते. ती व्यवहार्य नाही आणि इष्टही नाही. वरच्या भागाचे अस्सल पुरावे फार थोडे आहेत. जे बांधले जाईल ते आजच्या कल्पनेतील चर्च असेल. प्रश्न आहे तो उरलेले टिकविण्याचा आणि तो सोपा नाही. अवशेषाला छप्पर नसते. गिलावा गेलेला जांभा दर पावसाळ्यात थोडा थोडा झिजतो. ही चिंता केवळ अवशेषांपुरती मर्यादित नाही. बॉम जेझस बॅसिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला. दगडी रूप अधिक प्राचीन दिसते, ही त्यामागची दृष्टी होती. परिणामी त्या भिंती पावसाला उघड्या पडल्या आणि त्यांना पुन्हा गिलावा द्यावा की नाही, हा वाद २०२० मध्ये बॅसिलिकेच्या प्रमुखांनीच जाहीरपणे उपस्थित केला. पर्यटकांना आवडणारा तांबडा दगड आणि वास्तूला हवा असलेला पांढरा चुना यांतून निवड करायची वेळ आली, तर निर्णय कोणी आणि कशाच्या आधारे घ्यायचा, हा त्यातला खरा मुद्दा आहे.

ऑगस्टीन मनोऱ्यापुरते बोलायचे, तर त्याच्या इतिहासाने एक धडा पुरेसा स्पष्ट केला आहे. १८३५ ते १८४२ या सात वर्षांत येथे कोणताही मोठा आघात झाला नाही. रोपे उपटणे, सांधे भरणे, पन्हाळी साफ करणे ही किरकोळ कामे करणारे हात तेवढे नव्हते. मोठे निधी आणि मोठे प्रकल्प बातम्यांत येतात. वास्तू मात्र मेअखेरीस शिडी लावून भेगा तपासणाऱ्या गवंड्यामुळे टिकतात.

जुन्या गोव्याला जाणाऱ्यांनी बॅसिलिकेनंतर तासभर या टेकडीसाठी राखून ठेवावा. चर्चच्या मधल्या दालनात उभे राहून थडग्यांच्या शिळा पाहाव्यात, मठाच्या चौकातून फिरावे आणि शेवटी मनोऱ्याच्या उघड्या बाजूसमोर यावे. मग रस्ता ओलांडून सांता मोनिकेची शाबूत भिंत पाहावी. दगड एकच, पाऊस एकच आणि टेकडीही एकच. फरक कशामुळे पडला, हे सांगायला तेथे मार्गदर्शकाची गरज लागत नाही.